माळ्यावरची बंदूक

हुबळी म्हटले की आम्हा गोमंतकीयांच्या डोळ्यांसमोर सिद्धारूढांचा मठ येतो, सवाई गंधर्व आणि गंगूबाईंचे गाणे येते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र विद्यानगर येते, कारण माझी मावशी तिथे राहते. लग्न होऊन ती हुबळीला गेली तेव्हा विद्यानगर म्हणजे बीव्हीबी कॉलेज, मेडिकल कॉलेज आणि पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेची चार घरे, असे ती सांगते. आज तिथे रस्ता ओलांडायचा तर देवाचे नाव घ्यावे लागते. मावशीची नव्वदी जवळ आली आहे. तिचे जुने कौलारू घर पाडून तिथे इमारत उभी राहायची होती, म्हणून सामान हलवायला मदत करण्याच्या निमित्ताने गेल्या डिसेंबरात मी चार दिवस तिथे होतो.

दुसऱ्या दिवशी माळा उपसताना तांब्याची घंगाळे निघाली, एक पाळणा निघाला, पंचांगांचा गठ्ठा निघाला. सगळ्यांत शेवटी, धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेली एक बंदूक निघाली. साडेचार फूट लांब, दस्त्याला वाळवी लागलेली, नळीवर गंजाचा जाड थर. घोड्याखाली टोपी बसवायचे बोंडूक शाबूत होते. म्हणजे ही ठासणीची बंदूक, तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुकींनंतरची, टोपीची. कळीच्या पत्र्यावर बोट फिरवले तेव्हा गंजाखाली एक मुकुट आणि ‘टॉवर’ ही इंग्रजी अक्षरे लागली.

मावशी खालून म्हणाली, “ती नरगुंदकरांची बंदूक. सांभाळून काढा रे. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची. माझ्या सासऱ्यांनंतर कोणी हात लावला नाही.”

माझा मावसभाऊ, आमचा दादा, शिडीवरच उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. बंदुकीचा परवाना त्याच्या आजोबांच्या नावावर होता, तोही रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी. आजोबा गेले, मग वडील गेले. परवान्याचा कागद कुठे गेला, कोणालाच ठाऊक नाही. “एवढी वर्षं आम्ही बिनपरवान्याची बंदूक डोक्यावर घेऊन झोपलो की!” दादा म्हणाला.

संध्याकाळी दादाच्या मुलाचा फोन आला. तो अमेरिकेत ॲरिझोनात असतो. फोनच्या पडद्यावर बंदूक पाहून तो उडालाच. तिथे त्याला हा नाद लागला आहे. १८७३ च्या नमुन्याची एक जुनी विंचेस्टर त्याच्याकडे आहे, पितळी काडतुसांच्या रिकाम्या टोप्या आहेत, जुन्या काडतुसांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या आहेत. त्याच्या दिवाणखान्यात हे सगळे काचेच्या कपाटात मांडलेले आहे. “बाबा, टाकू नका. मी घेऊन जातो. इथं अशा वस्तूची किंमत कळते,” तो म्हणाला. मावशीचे मत वेगळे. “गंगेत टाकता येत नाही तर उणकलच्या तळ्यात सोडा. शस्त्र घरात निजवून ठेवू नये.” दादाला यातले काहीच नको होते. त्याला फक्त ती घरातून जायला हवी होती, आणि शक्यतो रात्रीच्या वेळी.

त्या रात्री मला झोप आली नाही. तिघांचेही म्हणणे मला चुकीचे वाटत होते, पण बरोबर काय ते सांगता येत नव्हते. नंतरच्या महिन्यांत पुष्कळ वाचले, विचार केला. तो इथे मांडतो आहे.

आधी अमेरिकेतल्या नादाबद्दल. आपल्याला तो विक्षिप्त वाटतो, पण त्यामागे एक रीत आहे. पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतींचा तो काळ, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. कोल्टचे १८७३ चे रिव्हॉल्व्हर आणि त्याच वर्षीची विंचेस्टर ही त्या काळाची दैवते होऊन बसली आहेत. १९६८ च्या तिथल्या केंद्रीय कायद्याने १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘पुरातन’ ठरवली आणि नव्या बंदुकांना लागणाऱ्या बहुतेक बंधनांतून तिला मोकळे केले. त्यामुळे संग्राहकांच्या जगात १८९८ ही लक्ष्मणरेषा झाली. कारखान्यांच्या जुन्या वह्या आहेत, त्यांत क्रमांक पाहून कोणती बंदूक कधी बाहेर पडली हे पुष्कळदा सांगता येते. मग पत्रे, फोटो, विक्रीच्या पावत्या, मृत्युपत्रे यांचा माग काढायचा.

ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला एका लिलावात एक कोल्ट रिव्हॉल्व्हर साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ साली बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला ज्याने टिपले, ते हे रिव्हॉल्व्हर. त्याच घडणीचे, त्याच सालचे दुसरे रिव्हॉल्व्हर त्याच्या अगदी किरकोळ अंशात मिळेल. दोघांत लोखंड तेवढेच. फरक आहे तो एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याच्या अखंड पुराव्याचा. कागदाला साठ लाख डॉलर पडले, असे म्हटले तरी चालेल.

आता आमच्या ‘नरगुंदकरांच्या’ बंदुकीकडे येऊ. मावशीच्या सासरच्यांचे मूळ गाव नरगुंदच्या बाजूचे. नरगुंद हुबळीहून दीड तासावर. तिथले संस्थानिक भास्करराव भावे, बाबासाहेब नरगुंदकर. मराठी घराणे, संस्कृताचा व्यासंग असलेला माणूस. दत्तकाची परवानगी इंग्रजांनी नाकारली, त्यात १८५७ चा वणवा पेटला. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबान इथे त्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन याच्या तळावर छापा घातला. मॅन्सन मारला गेला. त्याचे शिर नरगुंदच्या वेशीवर टांगले गेले. चार दिवसांत इंग्रजांनी नरगुंद घेतले आणि १२ जून १८५८ रोजी बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिली. त्याच सुमारास मुंडरगीच्या भीमरावांनी उठाव केला आणि ते कोप्पळच्या किल्ल्यात पडले.

आणि या सगळ्याच्या सहा महिने आधी हलगली. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे? घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातले हे छोटे गाव. तिथले बेडर शिकारीवर आणि शिबंदीच्या चाकरीवर जगणारे लोक. १८५७ च्या सप्टेंबरात कंपनी सरकारने हत्यारांबद्दलचा अठ्ठाविसावा कायदा केला आणि हत्यारे जमा करण्याची दवंडी फिरली. बेडरांनी नकार दिला. हत्यार म्हणजे त्यांचे पोट आणि त्यांची अब्रू. नोव्हेंबरच्या अखेरीस फौज आली, गाव जाळले गेले, आणि डिसेंबरात मुधोळ व हलगली इथे मिळून एकोणीस जणांना फाशी दिली गेली. या बेडरांवर कन्नडमध्ये लावणी रचली गेली. फ्लीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ती पुढे उतरवून घेतली, म्हणून ती छापली गेली. बंदुका गेल्या, गाणे उरले. तेही ज्यांनी बंदुका नेल्या त्यांच्याच एका माणसाच्या वहीत!

या हलगलीची आठवण मला अमेरिकेच्या इतिहासात पुन्हा झाली. २९ डिसेंबर १८९० रोजी दक्षिण डकोटातल्या वुंडेड नी इथे अमेरिकन घोडदळ लकोटा लोकांची हत्यारे काढून घेत होते. झडतीच्या गडबडीत एक गोळी सुटली आणि मग तोफांनी बायकामुलांसकट शेकडो माणसे कापून काढली. ज्या काळाच्या विंचेस्टर आणि कोल्ट आज काचेच्या कपाटात चकाकतात, त्या काळाची ही दुसरी बाजू. त्या मैदानावरून गोळा केलेले कपडे, मोकासिन, हत्यारे ‘संग्राह्य वस्तू’ म्हणून हिंडत राहिल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी गावच्या एका छोट्या संग्रहालयाने आपल्याकडच्या सुमारे दीडशे वस्तू नोव्हेंबर २०२२ मध्ये लकोटांच्या वंशजांना परत केल्या. एकशे बत्तीस वर्षांनी. संग्रह करणे ही नेहमीच निरागस गोष्ट नसते, हे माझ्या पुतण्याला मी पत्र लिहून कळवले. त्याने उत्तर दिले, “काका, हे मला माहीत नव्हते.” त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला.

आपल्याकडे बंदुकीचा संग्राहक फारसा का निपजला नाही, याचे उत्तर या इतिहासात आहे. आपल्याकडे जुनी हत्यारे पेटीत राहिलीच नाहीत, ती सरकारजमा झाली. १८५७ नंतर १८६० चा कायदा आला, मग लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा. गोऱ्यांना त्यातून सूट आणि एतद्देशीयांना परवान्याची सक्ती. हत्यार ही लपवण्याची, नाकारण्याची, रात्री विहिरीत टाकण्याची वस्तू झाली. राष्ट्रीय चळवळीला ही गोष्ट बोचत होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णु कामत यांनी तो हक्क राज्यघटनेत यावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली.

माझे स्वतःचे मत विचाराल तर आंबेडकर बरोबर होते. घरोघरी बंदूक असलेला देश कसा असतो ते आपण रोजच्या बातम्यांत पाहतो. पण शस्त्र बाळगण्याचा हक्क नसणे आणि शस्त्राची आठवणही न उरणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली आपण विचार करून स्वीकारली. दुसरी भीतीपोटी आपोआप घडली. कर्नाटकातच कोडगू जिल्ह्यात पाहा. तिथल्या कोडवांना इंग्रजी अमदानीपासून परवान्यातून सूट आहे. कैलपोढच्या सणाला ते बंदुका पुसून, फुले वाहून पूजतात. ही सूट २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने उचलून धरली. तिथे बंदूक उजेडात आहे, म्हणून तिची गोष्टही उजेडात आहे. मी सगळ्यांना सूट द्या म्हणत नाही. उजेडात ठेवलेल्या वस्तूची आठवण टिकते, एवढेच म्हणतो.

आम्हा गोवेकरांना तर याची जास्तच लाज वाटायला हवी. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतला तेव्हा इथल्या बंदूककारांच्या हातातले कसब पाहून तो थक्क झाला. इथले कारागीर बोहेमियातल्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात, असे त्याने राजा मानुएलला कळवले आणि कामाचे नमुनेही पाठवले. बोहेमिया म्हणजे त्या वेळी युरोपात नावाजलेली जागा. तीस वर्षांनी, १५४३ च्या सुमारास, पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. त्यांच्याकडच्या तोड्याच्या बंदुकीवरून जपान्यांनी आपली बंदूक घडवली. तिची घडण गोवा-मलाक्काकडच्या बंदुकीशी जुळते, असे अभ्यासक सांगतात. तानेगाशिमात आजही दर वर्षी त्या बंदुकीचा उत्सव होतो. आणि गोव्यात? ज्या लोहारांनी त्या नळ्या घडवल्या त्यांच्यातल्या एकाचे नाव आपल्याला सांगता येत नाही. मराठीतले ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आलेले. तेवढे आपण जपले. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला हे सत्तरीत लहान पोरही सांगेल. त्या किल्ल्यावर कोणती बंदूक कोणाच्या खांद्यावर होती, हे कोण सांगेल?

दुसऱ्याला कशाला, माझ्याच घरचे सांगतो. आमच्या घरी एक ठासणीची बंदूक होती. आजोबा कुळागरात रानडुक्कर आले की बार काढत. १९६१ च्या मुक्तीनंतर नवे सरकार, नवे कायदे, आता काय होईल या धास्तीने घरातल्या कोणी तरी ती एका रात्री मागच्या विहिरीत टाकली. तेव्हा मी जन्मलो नव्हतो. पुढे विहीर उपसली तेव्हा चिखलातून एक वाकडी नळी निघाली. ती भंगारवाल्याने वजनावर नेली. लहानपणी मला त्यात काही वावगे वाटले नाही. विद्यानगरच्या त्या रात्री ती नळी मला वारंवार आठवत होती.

आता पुन्हा मावशीच्या घरी. सकाळी दादाच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आले. पोलीस दलाच्या शस्त्रागारात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांनी बंदुकीला हात लावण्यापूर्वी सगळ्यांना बाजूच्या खोलीत पाठवले. मला मात्र दारात उभे राहू दिले. तोंड भिंतीकडे करून त्यांनी नळीत लाकडी काठी हलकेच सोडली, काठी टेकली तिथे तोंडाशी खूण केली, आणि मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहिली. काठी टोपीच्या बोंडकापर्यंत पोचायला हवी होती. ती चार बोटे अलीकडेच थांबली.

ते शांतपणे म्हणाले, “ठासलेली आहे.”

मावशीच्या सासऱ्यांनी शेवटचा बार भरला तो उडवलाच नव्हता. साठ-सत्तर वर्षे, दोन पिढ्यांची पोरे त्या माळ्यावर लपाछपी खेळली. दादाने लहानपणी घोडा ओढून पाहिल्याचे त्याला स्वतःलाच आठवत होते. तो मटकन खाली बसला. काळी दारू कोरडी राहिली तर शतकानंतरही पेट घेते, असे त्या गृहस्थांनी सांगितले. ही अतिशयोक्ती नव्हे. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियात यादवी युद्धाच्या काळातला तोफगोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक मरण पावला. गोळा जवळजवळ दीडशे वर्षे जुना होता. म्हणून एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो. घरात जुनी ठासणीची बंदूक, गोळे, काडतुसे, दारूची शिंगे सापडली तर ती रिकामी आहेत असे कधीही धरून चालू नका. तापवू नका, ठोकू नका, ड्रिल लावू नका, नळीत पाणी ओतून ‘निकामी’ करण्याचा शहाणपणाही करू नका. आणि जुन्या दारूगोळ्याचा संग्रह हा नाद तर आपल्या घरांत नकोच. रिकामी पितळी टोपी वेगळी आणि भरलेले काडतूस वेगळे.

आता प्रश्न कायद्याचा. त्याबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणजे जुनी बंदूक सापडली की बेड्याच पडणार. दुसरा म्हणजे शंभर वर्षांची असली की काही विचारायचे कारण नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे पंचेचाळिसावे कलम म्हणते की जुन्या घडणीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडकळीला आलेले जे शस्त्र दुरुस्तीनेही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. वापरता येणार नाही, ही त्यातली कळ. आमची बंदूक ठासलेली निघाली! ती मेलेली आहे की निजलेली, हे घरमालकाने ठरवायचे नसते, जाणकाराने ठरवायचे असते. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने नियम बदलून ‘क्युरिओ’ वर्गातली लहान शस्त्रे जवळ बाळगायला परवान्याची अट काढली. पण वापरायला किंवा नेण्या-आणण्याला परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद नसेल तर दारूगोळा मिळत नाही. आणि जिचा ताबा आता कायदेशीर राहिलेला नाही अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, असे त्याच कायद्याचे एकविसावे कलम सांगते. म्हणजे आपण होऊन पुढे येणाऱ्यासाठी कायद्याने दार ठेवले आहे. चोरासारखे तळ्यावर जायचे कारण नाही.

पुतण्याच्या इच्छेचे उत्तरही कायद्यात आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पण कायदा नसता तरी मी त्याला हेच सांगितले असते. ॲरिझोनाच्या कपाटात ती बंदूक ‘इंडियन मस्केट’ एवढ्या दोन शब्दांची धनी झाली असती.

कारण तिची खरी गोष्ट काय, हेच मुळी आपल्याला माहीत नाही. मावशी म्हणते नरगुंदकरांची. दादाने त्याच्या वडिलांकडून वेगळेच ऐकले आहे. ते म्हणत, कापसाच्या तेजीत आली. ही तेजी म्हणजे १८६१ ते १८६५. अमेरिकेत उत्तर-दक्षिण युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आमच्या धारवाडची आठवण झाली. धारवाड जिल्ह्यात १८४० च्या दशकापासूनच न्यू ऑर्लिन्सचे अमेरिकन बी रुजवले होते. बाजारात त्या कापसाचे नावच ‘धारवाड-अमेरिकन’. पश्चिमेकडे बंदुका खांद्यावर टाकून निघालेल्या अमेरिकेशी हुबळी-धारवाडच्या काळ्या मातीचे नाते त्या धाग्याने जुळले होते, हे किती जणांना ठाऊक असते! ‘टॉवर’चा शिक्का दोन्ही गोष्टींना सारखाच मिळतो. त्या शिक्क्याच्या बंदुका कंपनीच्या फौजांतही होत्या आणि बाजारातही होत्या. नरगुंदच्या बंडातली की कापसाच्या पैशातली, हे लोखंड सांगत नाही. ते सांगणारा कागद कोणी लिहिलाच नाही. अमेरिकन माणसाकडून उचलायचे असेल तर ही लिहून ठेवण्याची सवय उचलावी. नाद त्याचा त्याला लखलाभ.

मला ठाऊक आहे, वाचक म्हणतील, हे लिहायला सोपे आहे. पोलिसांकडे गेलेली वस्तू परत येते का? संग्रहालयात दिलेली वस्तू तळघरात गंजत पडत नाही का? या शंका खोट्या नाहीत. सरकारी कपाटात चिठ्ठी हरवलेल्या वस्तू मीही पाहिल्या आहेत. पण म्हणूनच म्हणतो, वस्तू देण्याआधी तिची गोष्ट आपण आपल्या हाताने लिहून घ्यावी. वस्तूचे चारी बाजूंनी फोटो काढावेत, शिक्के आणि अक्षरे उतरवून घ्यावीत. गंज खरवडून ती चकचकीत करू नये, कारण शिक्क्यांसकट निम्मा इतिहास त्या कागदाने घासून निघतो. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहाव्यात, आपल्याला आवडली तेवढीच नव्हे. मग वस्तू कुठेही गेली तरी गोष्ट घरात राहते. विहिरीत गेलेल्या आमच्या बंदुकीचे हेच तर झाले नाही.

शेवटी दादाने काय केले? दुपारपर्यंत तो गप्प होता. मग एका वकील मित्राला फोन लावला, आणि स्वतःच पोलिसांना कळवले की घर रिकामे करताना आजोबांच्या परवान्याची जुनी बंदूक सापडली आहे, ती ठासलेली असावी, घेऊन जा. आम्ही सगळे जीव मुठीत धरून बसलो होतो. दोघे जण आले. त्यांनी पंचनामा केला, पावती दिली आणि बंदूक नेली. त्यातल्या तरुण शिपायाने मावशीला कन्नडमध्ये विचारले, “अज्जी, हे कोणाचं?” आणि मावशीने त्याला उभ्या उभ्या नरगुंदच्या बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. त्याने ती अर्धीअधिक ऐकलेलीच होती. तो गदगकडचा निघाला. बंदूक संग्रहालयाकडे जावी असा अर्ज दादाने दिला आहे. त्याचे काय होते ते यथावकाश कळेल.

मी निघण्याच्या आदल्या रात्री मावशीजवळ वही घेऊन बसलो. सासऱ्यांचे नाव, गाव, शेत कोणत्या बाजूला होते, खंडेनवमीला बंदूक कुठे मांडत, झेंडूची माळ कोण करी, पूजेच्या आधी घरात कोण कोण आंघोळ करून उभे राहत. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. दादाने खाली वडिलांची कापसाची गोष्ट आपल्या अक्षरात लिहिली. बारा पाने झाली. शेवटच्या पानाला पोलिसांच्या पावतीची प्रत टाचणीने लावली. वहीची एक प्रत ॲरिझोनाला गेली आहे. पुतण्याने ती विंचेस्टरच्या शेजारी कपाटात ठेवली आहे, असे त्याने फोनवर सांगितले.

घरी परतल्यावर मी आमच्या विहिरीवर जाऊन आलो. पाणी चांगले आहे. आईला विचारले, ती बंदूक नक्की कोणी टाकली? ती म्हणाली, “बस, सांगते.” दुसरी वही आता सुरू झाली आहे.